झडपेच्या अलीकडचा ठिपका

ड्रॉइंग ऑफिसात सगळे तिला रेघताई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही. एकदा नव्याने आलेल्या कारकुनाने हजेरी घेताना तिचं खरं नाव पुकारलं, तर तिच्यासकट कुणीच ‘हजर’ म्हटलं नाही आणि त्याने सरळ तिची गैरहजेरी लावून टाकली. ती तेव्हा त्याच्या समोरच बसून पेन्सिलीला टोक करत होती.

नाव पडलं होतं तिच्या हातावरून. ती सरळ रेघ ओढायची ती अशी, की पट्टीनेही मान खाली घालावी. कंपनी कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवायची. कुठे भट्टीचं तापमान धरून ठेवायचं, कुठे टाकीतल्या पाण्याची पातळी, कुठे पंपाचा वेग. वरच्या मजल्यावर इंजिनिअर बसत, खालच्या मजल्यावर ती. वरून पेन्सिलीने खरडलेला कागद जिन्याने खाली यायचा, ती त्याचा देखणा ब्लॉक डायग्राम करायची आणि तो सहीसाठी जिन्याने वर जायचा. सव्वीस वर्षं कागद जिन्यावरून वर-खाली करत होते. ती मात्र खालीच.

ब्लॉक डायग्राम म्हणजे काही जगावेगळं नसतं. चौकोन, गोल आणि बाण. डावीकडून एक बाण येतो, तो सांगतो आपल्याला काय हवंय. उजवीकडून एक रेघ खालून वळसा घेऊन परत येते, ती सांगते प्रत्यक्षात काय झालंय. दोन्ही गोलात भेटतात, हव्यातून झालेलं वजा होतं आणि जो फरक उरतो तो पुढच्या चौकोनाला कामाला लावतो. एखाद्या रेघेतून दुसरी रेघ फोडायची असली, की तिथे एक काळा ठिपका द्यायचा. आणि प्रत्येक चौकोनाच्या पोटात लिहिलेलं असतं ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे यात अमुक शिरलं तर बाहेर काय पडेल आणि किती दमाने पडेल, याचा जबाब. चौकोन ती काढायची. पोटातलं लिखाण वरून यायचं आणि ती ते अक्षर न अक्षर उतरवायची.

तिला हे काम शिकवलं थोरल्या ड्राफ्ट्समननी. त्या खोलीचा एकच कायदा होता आणि तो त्यांचाच. रेघेने रेघ ओलांडायची नाही. नवशिक्याचा कागद ते खिडकीच्या काचेला लावायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि दोन रेघा कुठे एकमेकींवरून गेल्या असतील तर कुणीतरी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणायचे, “इथं अपघात झालाय हो.” मग कागदाचे दोन तुकडे. रेघताईचे पहिल्या सहा महिन्यांत चाळीस कागद असे वारले. त्यानंतर एकही नाही. थोरले निवृत्त झाले, शाई आणि ब्लेड जाऊन कॉम्प्युटर आला, तरी माऊसनेसुद्धा ती रेघेला वळसा घालायची, ओलांडू द्यायची नाही.

ती इथे आली होती एका वर्षापुरती. डिप्लोमाचं दुसरं वर्ष संपत आलं होतं, वर्गात पहिल्या तिघांत नंबर होता आणि पुढच्या सत्रात कंट्रोल सिस्टिम्स हा विषय लागणार होता. वरच्या वर्गातल्या मुली त्या विषयाचं नाव काढलं की कानांवर हात ठेवायच्या. हिने मात्र सुट्टीतच जुनं पुस्तक मिळवलं. कव्हर गेलेलं, आधीच्या मालकाने ‘महत्त्वाचे’, ‘फार महत्त्वाचे’ आणि ‘देवा’ असे तीन दर्जे करून खुणा केलेलं. आणि त्याच आठवड्यात तिचे बाबा शिलाई मशीनवर काम करता करता उजवीकडे कलंडले. उजवी बाजू गेली. आई आधीच नव्हती. दादा दूरच्या नोकरीत होता, तो तिथलाच झाला. त्याची काळजी फोनवरून नियमित यायची.

बाबा शुद्धीवर आले तेव्हा पहिली गोष्ट विचारली ती परीक्षेची. अर्ध्या तोंडाने, शब्द एका कडेने सांडत. तिने सांगितलं, झाली, बरी गेली. त्यावेळी दुसरं काय सांगणार? परीक्षा तर नव्हतीच दिली, पण दवाखान्याच्या खाटेवरच्या माणसाला हे सांगायचं नसतं. बरे झाले की सांगू. मग ते घरी आले, पुढे काठीने चार पावलं टाकू लागले, मग तेवढीच टाकत राहिले, आणि सांगायचा दिवस काही उगवला नाही. दाराशी कुणीही उभं राहिलं, अगदी मीटर वाचणारा असला, तरी बाबा त्याला थांबवून सांगायचे, “पोरगी इंजिनिअर आहे. मशीन काढते.” मीटरवाला सव्वीस वर्षांत चारदा बदलला. वाक्य तेच.

पुस्तक तिच्या टेबलाच्या खालच्या खणात राहिलं. डबा खाऊन झाला की वीस मिनिटं ते बाहेर यायचं. पहिल्या प्रकरणाला एक वर्ष लागलं. विचारायला कुणी नाही, त्यामुळे एकेक ओळ भिंतीसारखी. पण हळूहळू त्या भिंतींना दारं सापडत गेली. एका पानावर लिहिलं होतं, की ट्रान्सफर फंक्शन काढताना सुरुवातीला सगळं शून्य धरायचं. त्याआधी काही घडलंच नाही, यंत्र नुकतंच जागं झालंय असं समजायचं. ते वाचून ती पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली होती. मग पुन्हा उघडलं आणि पुढची ओळ वाचली. आजवर तिने ते पुस्तक तीन वेळा शेवटपर्यंत नेलं होतं. फक्त तिला कुणी कधी प्रश्न विचारला नव्हता. आपल्याला येतं की येतंय असं वाटतं, हे तिला कळायला मार्गच नव्हता.

गेल्या वर्षी मात्र एक गंमत झाली. वरून आलेल्या कागदावर गोलात वजा हवा तिथे अधिक होता. तिने कागद उचलला आणि थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये नेला. मोठे साहेब म्हणजे डिझाइनचे प्रमुख. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘तसं बघायला गेलं तर’ने निघायचं. पोरं मीटिंगमध्ये मोजायची, विक्रम तेहतीसचा होता. साहेबांनी विचारलं, की तसं बघायला गेलं तर हे तुम्हाला कसं समजलं? ती म्हणाली, गोलात अधिक असेल तर भट्टी तापली की आणखी तापवली जाईल ना साहेब, थांबणार कधी? साहेब तिच्याकडे बघतच राहिले. एखाद्या दिवशी कपाटाने उत्तर द्यावं तसं त्यांना झालं असावं.

त्यानंतर ते अधूनमधून तिला काहीबाही विचारू लागले. आणि या महिन्यात त्यांनी तिला वर बोलावून सांगितलं, की खिडकीजवळच्या टेबलावरच्या बाई बदली होऊन चालल्यात. एक तारखेपासून ते टेबल तुमचं. एका गावाच्या पाण्याच्या टाकीचं काम आलंय, छोटं लूप आहे, एकाच वळशाचं, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही करायचं. हिशेबही तुमचा, सहीही तुमची.

त्या दिवशी ती जिना उतरली की तरंगत आली, तिचं तिलाच समजलं नाही. सांगावं म्हटलं तर घरी सांगता येईना. घरी ती सव्वीस वर्षांपासून इंजिनिअरच होती.

एक तारखेला अकरा दिवस होते तेव्हा साइटवाल्याचा फोन आला.

साइटवाला म्हणजे पॅनेल कारखान्यात नेऊन बसवणारा, चालू करून देणारा माणूस. त्याला आयुष्यभर मशिनांच्या आवाजावरून ओरडून बोलायची सवय, त्यामुळे तो फोनवर बोलला की फोन नसता तरी ऐकू आलं असतं असं वाटायचं. सध्या तो आठ तासांच्या अंतरावर फरश्यांच्या कारखान्यात होता. ओल्या फरश्या वाळवायला तिथे शंभर पावलं लांब गरम बोगदा. एका टोकाला मोटरवर चालणारी मोठी लोखंडी झडप, ती उघडेल तितकी गरम हवा आत. दुसऱ्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर. झडप हलली की तिचा परिणाम सेन्सरपर्यंत पोचायला तीन मिनिटं. झडपेला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरने उतावीळपणा केला तर सगळा विचका, म्हणून वरच्या मजल्यावरच्या तरुण इंजिनिअरने डायग्राममध्ये एक जादा चौकोन घातला होता, अंदाजपेटी. कंट्रोलरने झडपेला काय हुकूम दिला ते अंदाजपेटीला कळवायचं, आणि ती कंट्रोलरला आधीच सांगणार, की बाबा रे, थांब, तीन मिनिटांनी इतकं तापणार आहे, तू आता हात आखड.

पण बोगदा झुलत होता. साइटवाल्याने सांगितलं, की एकशे ऐंशी हवेत, तर जातंय एकशे अठ्ठ्याण्णववर आणि उतरतंय एकशे पासष्टला, पुन्हा वर, पुन्हा खाली, पाळण्यात घातल्यासारखं. दोन शिखरांमध्ये अकरा मिनिटं, घड्याळ लावून मोजलीत. आणि फरश्या तडकतायत, दहातल्या चार. कारखान्याचा मालक माझ्या अंगावर येतोय आणि मी काय त्याला आता अंगाई म्हणून दाखवू?

हा निरोप तिने चिठ्ठीवर उतरवला आणि त्याची नक्कल वर पाठवली. वर गहजब झाला. तो तरुण इंजिनिअर म्हणजे पेन्सिल. कानावर पेन्सिल ठेवून ऑफिसभर पेन्सिल शोधायचा म्हणून ते नाव. अक्षर कोंबडीच्या पायाचं, डोकं मात्र लखलखीत, आणि कुठलंही काम सांगा, “होऊन जाईल.” नवीन लागला तेव्हा कागद कुठे, शिक्का कुठे हे त्याला रेघताईनेच दाखवलं होतं. मीटिंगमध्ये साहेबांनी त्याला धारेवर धरलं. अंदाजपेटीचे आकडे चुकलेत, असं त्यांचं म्हणणं. त्याने तीन दिवस आकडे पुन्हा मांडले, तेच आले. चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, पेटीच काढून टाका, कंट्रोलर मंद करा, बोगदा निम्म्या वेगाने चालेल, आणि पुढच्या महिन्यापासून तुम्ही डिझाइन सोडून दुरुस्ती विभागात जा. पेन्सिल जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. ती जवळून चालली होती. तिने विचारलं, जेवलास का रे, तर म्हणाला, “होऊन जाईल, ताई.” आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

त्या दुपारी साहेबांनी त्या कामाची सगळी फाइल मागवली. फाइल काढायला ती कपाटाशी गेली. वर तिचं ड्रॉइंग, त्याखाली पेन्सिलचा मूळ खरडा. सहज म्हणून तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

खरड्यात ठिपका झडपेच्या चौकोनाच्या अलीकडे होता. कंट्रोलरमधून हुकूम निघाला, की लगेच तिथून रेघ फुटून अंदाजपेटीकडे चालली होती. जाताना ती सेन्सरवरून परत येणाऱ्या रेघेवरून आडवी गेली होती. तिच्या ड्रॉइंगमध्ये ठिपका झडपेच्या पलीकडे होता. पलीकडून रेघ कशी सुबक खाली उतरली होती. कुणालाही न ओलांडता.

ठिपका तिनेच हलवला होता. हलवताना काही विचार केल्याचंसुद्धा तिला आठवेना. हाताने केलं होतं. दोन रेघा एकमेकींवर दिसल्या आणि हाताने एकीला उचलून बाजूला ठेवलं, घरात वाटेत पडलेली चप्पल आपण सरकवतो तसं. आणि पुस्तकात तर, सहाव्या प्रकरणात, ‘फार महत्त्वाचे’ असं लिहून अधोरेखित केलेलं होतं, की ठिपका चौकोनाच्या पलीकडे नेला तर ती रेघ बदलते, जुना अर्थ राखायचा तर भरपाईचा उलटा चौकोन घालावा लागतो. ते तिला तोंडपाठ होतं. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

पेन्सिलने सही करताना पाहिलं कसं नाही, हेही तिला माहीत होतं. तोच सगळ्यांना सांगत फिरायचा, की रेघताईचं ड्रॉइंग तपासायचं म्हणजे घड्याळात वेळ बघून पुन्हा सूर्याकडे बघायचं. वायरिंगवाल्यांनी तिचं ड्रॉइंग बघून वायर कंट्रोलरवरून काढायची ती झडपेच्या मोटरवरून काढली होती. झडप जडशीळ, हुकूम मिळाल्यावर सरकायला चाळीस सेकंद घेणारी. अंदाजपेटीच्या पोटात तो संथपणा धरलेला होताच. आता बातमीच झडप हलल्यावर पोचत होती, म्हणजे पेटी झडप दोनदा मोजत होती.

फाइल तिने वर पाठवली नाही. सापडत नाही, शोधतेय, असा निरोप दिला. आयुष्यातला ऑफिसमधला पहिला खोटा निरोप. साइटवाल्याच्या आकड्यांची चिठ्ठी अजून टेबलावर होती, ती खणात टाकून खण लावला, जुन्या प्रिंटची पाठकोरी बाजू घेतली आणि सगळा डायग्राम पुन्हा काढला, जसा प्रत्यक्षात जोडला गेला होता तसा. चौकोन भरले. मग एकेक करून चौकोन विरघळवत आणले, शेवटी एकच समीकरण उरलं, आणि त्यात आकडे घालून बघू लागली, की असं जोडलेलं यंत्र झुललं तर किती वेळाने झुलेल. एक आकडा, मग त्याच्या शेजारचा, मग मधला. कॅल्क्युलेटरचं बटण रुतत होतं. चहावाला कप ठेवून गेला, रिकामा न्यायला आला, भरलेलाच घेऊन गेला.

उत्तर आलं पावणेअकरा मिनिटं.

तिने खण उघडून चिठ्ठी पाहिली. अकरा, घड्याळ लावून.

तिला आनंद झाला. लाज वाटायच्या आधी आनंदच झाला, आणि तो इतका मोठा, की तिने तोंडावर हात ठेवला. आठ तासांच्या अंतरावर एक बोगदा झुलत होता, त्यात फरश्या तडकत होत्या, आणि ते सगळं या पाठकोऱ्या कागदावर तिच्या हाताने लिहिल्याप्रमाणे चाललं होतं. तिला येत होतं. वाटत नव्हतं, खरंच येत होतं. मग थोड्या वेळाने तिला जिन्याशी उभा असलेला पेन्सिल आठवला.

वाट सोपी होती. ठिपका अलीकडे घ्यायचा, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहायचं, साइटला पाठवायचं. वायर बदलली की बोगदा शांत. साहेब समजणार, पेन्सिलने आपली चूक गुपचूप निस्तरली. पेन्सिल समजणार, आपण खरड्यातच चुकलो असू, आपलं अक्षर काय आपल्यालाच वाचता येतं? खरडा फाडला की संपलं. एक तारखेला सहा दिवस होते.

तिने खरडा फाडला नाही. ती तासभर तो हातात धरून बसली हेही खरं. मग दोन्ही ड्रॉइंगं आणि पाठकोरा कागद घेऊन जिना चढली.

केबिनमध्ये पेन्सिल होताच, टेबलाच्या किल्ल्या द्यायला आलेला. कुणी बसा म्हणायची वाट तिने पाहिली नाही.

“साहेब, अंदाजपेटीचे आकडे बरोबर आहेत. ठिपका हललाय. मी हलवला.”

“तसं बघायला...” म्हणून साहेब थांबले. वाक्य पुढे गेलंच नाही. “का हलवलात?”

“रेघेवरून रेघ जात होती.”

पेन्सिल खरड्यावर वाकला, मग ड्रॉइंगवर, मग पुन्हा खरड्यावर. “ताई, सही माझी आहे. बघायला मी हवं होतं.”

“माझं आहे म्हणून तू बघितलं नाहीस. ते तुझ्या माथी नको.”

साहेबांनी पाठकोरा कागद ओढला. पहिली ओळ, दुसरी ओळ. खणातून स्वतःचा कॅल्क्युलेटर काढला. पाव तास ते ओळीमागून ओळ पडताळत गेले. बाहेरून कुणीतरी दार लोटलं आणि आतले चेहरे बघून परत ओढून घेतलं. एका जागी साहेबांचं बोट थांबलं. त्यांनी विचारलं, की साइटचा अकराचा आकडा हिशेबाआधी माहीत होता का? ती म्हणाली, चिठ्ठी मीच लिहिली होती, पण करताना खणात टाकून खण लावला होता. साहेबांनी मान हलवली. यावर त्यांचा विश्वास बसला, हे तिला दिसलं.

“कुणी शिकवलं हे तुम्हाला?”

“कुणी नाही.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते, म्हणून त्यांना बोलायला वेळ लागला.

“हे उत्तर बघून तुम्हाला आजच वर बसवावं असं वाटतं. पण एक सांगा. चौकोनात काय लिहिलंय हे न समजणाऱ्या माणसाने ठिपका हलवला, तर ती हाताची चूक. तुम्हाला समजतं. मग ही चूक मी कुठल्या मजल्याची धरू?”

प्रश्न रास्त होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला इंजिनिअर धरून प्रश्न विचारला होता, आणि तो हा होता.

साहेब म्हणाले, टाकीचं काम तूर्त पेन्सिल करेल. त्याची दुरुस्ती विभागाची बदली रद्द. तुमचं वर्षभराने बघू, तसं बघायला गेलं तर वर्ष काय, हां हां म्हणता जातं. साहेब आठ महिन्यांनी निवृत्त होणार होते. ही वजाबाकी तिने जिना उतरताना केली. सोपी होती.

घरी बाबा पलंगावर टेकून बसले होते. तिने त्यांच्या पाठीशी उशी सारखी केली, चहा बशीत ओतून दिला. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, आज काय काढलंस? रोज ती काहीतरी सांगायची, पंप, भट्टी, जे हाताखाली असेल ते. आज म्हणाली, “आज एक उत्तर बरोबर आलं, बाबा. अवघड होतं.”

बाबांनी बशी खाली ठेवली आणि अर्ध्या तोंडाने हसले. “त्यात काय. इंजिनिअरचं येणारच की.”

तिने बशी उचलली, धुतली, पुसली आणि परत एकदा धुतली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन वाजला. साइटवाल्याने पहाटेच वायर बदलली होती. पेन्सिलने फोन घेतला, दोन शब्द बोलला आणि फोन घेऊन जिना उतरून तिच्या टेबलाशी आला. “तुमच्यासाठी आहे,” म्हणाला, आणि तिने काही म्हणायच्या आत खुर्ची ओढून, पाठ फिरवून बसला.

साइटवाला म्हणाला, की आता एकशे सत्तरवर निवांत उभं आहे. मी एकशे ऐंशी मागतो, तुम्ही ऐका. तिने विचारलं, झडपेचा आवाज येतो का? तो म्हणाला, येतो म्हणजे काय, म्हातारीसारखी कण्हते. ऐकवा, असं ती म्हणाली. त्याने फोन तिकडे धरला असावा. आधी नुसती घरघर, मग त्या घरघरीतून एक लांब, जड, लोखंडी कुरकुर निघाली. ती टेबलावर बोट आपटत मोजत होती. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. चाळीसला कुरकुर थांबली.

सव्वीस वर्षांत तिने काढलेल्या कुठल्याच यंत्राचा आवाज तिने ऐकला नव्हता.

मग तीन मिनिटं काहीच नाही. आकडा हलत नव्हता, हलायचा नव्हताच. हवा बोगद्यातून येत होती. साइटवाल्याला गप्प राहणं जमेना. तो म्हणाला, ताई, एकदा येऊन बघा की, आठ तासांचा तर रस्ता आहे. तिने सांगितलं, बाबांना एकटं टाकता येत नाही. तो म्हणाला, हो, ते आहेच. मग तिने विचारलं, बोगदा बाहेरून कसल्या रंगाचा आहे? तो म्हणाला, रंग कसला, होता कधीतरी हिरवा. शेवटाशी उभं राहिलं तर ऊब लागते का? लागते. आणि वास? ओल्या मातीचा, भाजक्या मडक्यासारखा. तिने डोळे मिटले होते.

“एकाहत्तर,” साइटवाला म्हणाला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला.

“पुढे.”

“त्र्याहत्तर. पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. चाललंय.” थोडं थांबून, “ऐंशी. एक्याऐंशी.” पेन्सिलची पाठ ताठ झाली. मागे हे इथूनच अठ्ठ्याण्णवला गेलं होतं. “एक्याऐंशीच. ऐंशी. ऐंशी.”

पेन्सिलने तोंड फिरवून तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. तो उठला आणि साहेबांना सांगायला जिना चढून गेला. टेबलावर कालचा पाठकोरा कागद होता. साहेबांनी परत पाठवला होता, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘बरोबर’ लिहून.

“ऐंशी,” साइटवाला म्हणाला. “झालं ताई. आता नाही हलत. ठेवू का?”

“अजून अकरा मिनिटं बघू.”

“अहो, पण सांगू काय? ऐंशीच आहे.”

“मग ऐंशी म्हणा,” ती म्हणाली.